न दुखलेला पाय

आकानिसी नेईंच्या पायात पिन घुसली आहे, हे त्यांच्याआधी मला कळलं.

बुधवार होता. सुवा शहरातल्या आमच्या जमीन-भाडेपट्ट्यांच्या कचेरीत सकाळी दहाला सगळी कामं थांबतात आणि खिडकीजवळच्या लांब टेबलावर चहा मांडला जातो. खाण्याची पाळी इसोआची होती. तो दोन खोकी भरून क्रीम बन आणि तळलेले गोड बाबाकाऊ घेऊन आला होता. आकानिसी नेई एरवी टेबलापर्यंत येत नसत. त्या अभिलेख विभागाच्या प्रमुख, त्रेपन्न वर्षांच्या. आम्ही धाकटी माणसं त्यांना नेई म्हणायचो, म्हणजे आत्या. त्यांचा चहा मी त्यांच्या जागेवर नेऊन देत असे. पण त्या दिवशी खाण्याआधीची प्रार्थना म्हणायची पाळी त्यांची होती, म्हणून त्या उठून आल्या. अनवाणीच आल्या. उकाड्यात आम्ही सगळेच टेबलाखाली चपला काढून बसतो.

प्रार्थना झाली, बन वाटले गेले. मी सांडलेलं दूध पुसायला वाकले, तर फरशीवर लाल ठिपके दिसले. मला वाटलं, बनमधला जॅम. पण ठिपके ओळीने होते. सूचनाफलकापासून निघून ते थेट नेईंच्या खुर्चीपर्यंत गेले होते.

"नेई, जरा पाय वर करा बघू."

"का गं? उंदीर आहे का खाली?"

त्यांनी हसत हसत उजवा पाय उचलला. दुसऱ्या बोटाखाली, मांसल भागात, फलकावरची पितळी पिन पार टोपीपर्यंत रुतली होती. टोपीभोवती रक्त साकळलं होतं.

मी दोन नखांनी ती उपटली. चांगली सेंटीमीटरभर लांब होती. मी वर पाहिलं. नेई बन खात होत्या.

"झालं का तुझं? काय शोधतेयस खाली?"

मी पिन त्यांच्यासमोर धरली. इसोआचा हात खोक्यातच राहिला. नेई पिनेकडे, मग फरशीकडे, मग माझ्याकडे बघत राहिल्या.

"ही माझ्या पायात होती?"

"हो, नेई."

"मला कसं कळलं नाही?"

आमच्या बेटांवर साखरेच्या आजाराने पाय गेलेलं माणूस कुणी पाहिलं नाही असं नाही. पण तो आजार आम्ही नेहमी दुसऱ्याच्या घरी ठेवून येतो.

नेई म्हणाल्या, पट्टी लावली की झालं. मी ऐकलं नाही. इसोआने टॅक्सी बोलावली आणि मी त्यांना आरोग्य केंद्रात घेऊन गेले. तिथे सिस्टर प्रेमिला होती. बारीक अंगाची, चष्म्यावरून बघणारी, अजिबात न हसणारी. तिने जखम धुतली, औषध लावलं, धनुर्वाताची सुई दिली आणि बोटाला टोचून यंत्रावर थेंब घेतला. आमच्याकडच्या मापात साखरेचा आकडा आला एकोणीस पॉइंट चार.

"किती असायला हवा?" नेईंनी विचारलं.

"याच्या निम्म्याहूनही कमी. आता डोळे मिटा. मी तळव्याला हा दोरा टेकवणार. टेकला की 'हो' म्हणा."

नेईंनी डोळे मिटले. सिस्टरने नायलॉनचा ताठ दोरा अंगठ्याला टेकवला, मग बोटांखाली, मग तळव्याच्या कडेला. एक, दोन, पाच, दहा ठिकाणी. दोरा दर वेळी वाकत होता. नेई गप्प.

"करा ना सुरू," नेई म्हणाल्या. "मला ऑफिसात परत जायचंय."

सिस्टरने दोरा खाली ठेवला. "झालं माझं. दहा वेळा टेकवला."

नेईंनी डोळे उघडले. इतकी वर्षं मी त्यांच्यासमोर बसत होते, पण असा चेहरा कधी पाहिला नव्हता. चर्चच्या गायनवृंदात आवाजाने खिडक्या हलवणारी बाई. तिच्या ओठांतून नुसती हवा गेली.

मग सिस्टरने प्रश्न विचारायला घेतले. चहात साखर किती? तीन चमचे, दिवसातून पाच वेळा. जेवायला काय? दालो म्हणजे अळूचे कंद, कसावा, नारळाच्या दुधातली टिनची मासळी. भाजी? रविवारी. कामाच्या जागी किती चालणं होतं? नेईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना ठाऊकच नव्हतं. मला ठाऊक होतं. लिफ्टपासून जागेपर्यंत, आणि जागेपासून प्रसाधनगृहापर्यंत. बाकी सगळं मी करत होते. फाइल मी आणायची, छपाईचे कागद मी आणायचे, पाणी, चहा, बन, सगळं मी. आठ वर्षं. थोरल्या माणसाला उठावं लागलं तर धाकट्यांना लाज, हे मला आईने शिकवलं होतं आणि मी ते मन लावून पाळलं होतं.

"आता तू. बोट दे," सिस्टर म्हणाली.

"मी? मी कशाला?"

मी चौतीस वर्षांची, अंगाने काडी. इसोआ मला वाऱ्याच्या दिवशी खिशात दगड ठेवून ये म्हणतो. तो नात्याने माझा तवाले, म्हणजे आते-मामेभाऊ. चिडवणं हा त्याचा हक्कच. शाळेत मी नेटबॉल खेळायचे, आणि त्या जोरावर अजूनही स्वतःला खेळाडू समजत होते.

आकडा नऊच्या वर गेला. सिस्टरने दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी बोलावलं. तेव्हा सहा पॉइंट सात.

"काठावर आहेस," ती म्हणाली. "बारीक आहेस म्हणून खुशीत राहू नकोस. तूही दिवसभर बसतेस, आणि तोच चहा पितेस."

मी केंद्राबाहेरच्या बाकावर बराच वेळ बसले. मग बसलेय हे ध्यानात आलं आणि उठून उभी राहिले.

नेईंना घरी पाय वर ठेवून राहायला सांगितलं होतं. त्या राहिल्या नाहीत. रविवारी नवे, घट्ट बूट घालून चर्चला गेल्या आणि दोन तास उभं राहून गायल्या. दुखत नव्हतंच, मग थांबायचं कशासाठी? मंगळवारी त्यांचे यजमान साकिउसा यांना घरात वास यायला लागला. आधी त्यांना वाटलं, मासे नासले. मग त्यांनी नेईंचा मोजा काढला.

जंतू हाडापर्यंत गेले होते. दोन बोटं काढावी लागली. मी इस्पितळात गेले तेव्हा साकिउसा दाराबाहेर उभे होते, आत जायला घाबरत. इतका धिप्पाड माणूस, बंदरावर क्रेन चालवणारा. म्हणाले, "केलेरा, कापल्यावर शुद्ध आली तर तिने मला विचारलं, कधी कापणार?"

अकरा आठवड्यांनी नेई कामावर परतल्या. पायात रुंद, बंद बूट, हातात काठी. जखम पूर्ण भरली होती. सिस्टर प्रेमिलाने बजावलं होतं: आता चालायचं, थोडं थोडं, पण रोज. अर्ध्या तासापेक्षा जास्त सलग बसायचं नाही. रोज तळवे आरशात बघायचे. ताटात अर्धी भाजी, एका हिश्शाला दालो, एका हिश्शाला मासे. गोळ्या न चुकता.

कचेरीने मात्र त्यांना राणीसारखं बसवलं. खुर्चीवर नवी उशी, पायाखाली चौरंग. इसोआने सगळ्यांच्या टेबलांवरून वाट काढत फाइली त्यांच्यापुढे आणून रचल्या. दहा वाजले. नेईंनी सवयीने हाक दिली.

"केलेरा, चहा."

मी जागेवरून उठले नाही.

"चहा टेबलावर आहे, नेई."

टाइप करणारे हात थांबले. आमच्यात थोरल्यांना असं उत्तर देत नाहीत. माझ्या आईने ऐकलं असतं तर तिथेच थोबाडीत दिली असती.

"तुला काही लागलंय का, भूतबित?" इसोआ कुजबुजला. "मी आणतो, नेई."

"तू बस खाली," मी म्हटलं.

नेईंनी मला जवळ बोलावलं. आवाज हळू होता, त्यामुळे जास्त लागला.

"दोन बोटं गेली, तर माझा मानही गेला का?"

"नाही, नेई."

"मग?"

"तुमचा पाय नुसत्या पिनेने नाही बिघडवला. आठ वर्षं मी तुम्हाला उठू दिलं नाही. तीन चमचे साखर मीच घालत होते. सिस्टरने विचारलं किती चालता, तेव्हा मला जमीन दुभंगावी असं झालं. आता मला हे नाही करता येणार. हवं तर माझी तक्रार करा."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. त्यांना राग आला होता की धक्का बसला होता, मला सांगता येणार नाही. "जा जागेवर," एवढंच म्हणाल्या.

चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. चहाही प्यायल्या नाहीत. बाकीचे मला टाळत होते. एकीने तर माझ्या तोंडावर सांगितलं की, अपंग बाईला छळणारी मुलगी तिने पहिल्यांदाच पाहिली. घरी मी आईला काही सांगितलं नाही.

सोमवारी, साडेनऊच्या सुमाराला, खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नेई उठल्या होत्या. काठी टेकत त्या खोलीच्या पलीकडच्या कपाटापर्यंत गेल्या, खण ओढला, एक फाइल काढली आणि बगलेत घेऊन परत निघाल्या. सगळी कचेरी बघत होती. इसोआ अर्धवट उठून तसाच अवघडून राहिला.

"बघताय काय?" नेई म्हणाल्या. "मी काही पाण्यावर चालत नाहीये."

पहिलं हसू इसोआला फुटलं. मी मात्र स्क्रीनकडे तोंड करून डोळे पुसले.

त्यानंतर सगळं सरळ झालं असं नाही. दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघी समुद्राच्या भिंतीकडेने चालायला लागलो. आधी पाच मिनिटं, मग दहा, मग महिन्याभराने पंचवीस. नेई दर वळणावर तक्रार करत. बिनसाखरेचा चहा म्हणजे भांडी धुतलेलं पाणी, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी बदललं नाही. डब्यात दालोच्या तीन फोडींची एक झाली, आणि अळूची पानं नारळाच्या दुधाऐवजी कांदा-लिंबावर शिजायला लागली. इसोआ त्याच्या पाळीला पपई आणि उकडलेली अंडी आणू लागला. "हा काय वाढदिवस आहे की उपास?" असं स्वतःच म्हणत तो ती मांडायचा. दोघातिघांनी खणात बन लपवून ठेवले होते, ते अजूनही ठेवतात. माझा आकडा पाच पॉइंट सहावर उतरला. नेईंचा आठ झाला. सिस्टर प्रेमिला म्हणाली, ठीक आहे, पण नाचू नका.

नाताळात नेई त्यांच्या बेटावर, वनुआ बलावूला गेल्या. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"केलेरा, मी चार दिवस चटईवरून उठले नाही. पाहुणी म्हणून मला कोणी उठूच देत नाही. भाच्या ताटं आणतात, नाही म्हटलं तर रडवेल्या होतात. आज यंत्र लावलं. चौदा."

इतकं करून, चार दिवसांत.

"आता काय करणार, नेई?"

"उद्या सकाळी उठून गावाच्या टोकापर्यंत चालत जाणार. काय म्हणायचं ते म्हणू देत."

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन वाजला. नेई सांगत होत्या. पहाटेनंतर त्या एकट्याच काठी घेऊन निघाल्या. पहिल्या घरातली बाई त्यांना बघून बाहेर आली आणि मागोमाग चालायला लागली. मग दुसरी, मग तिसरी. कोणी काही विचारेना. गावाच्या टोकाला पोचेपर्यंत मागे अकरा बायका होत्या. तेव्हा कुठे एकीने दबक्या आवाजात विचारलं, "आकानिसी, कोण गेलं?"

"कोणी नाही. मी चालायला निघालेय."

"कुठे?"

"कुठेच नाही. नुसती चालायला."

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. गावाच्या त्याच टोकाला नर्सची खोली आहे. नेईंनी बूट काढला, मोजा काढला आणि पाय त्यांच्यासमोर ठेवला. दोन बोटं गेल्याचं गावात सगळ्यांनी ऐकलं होतं, पण पाहिलं कोणी नव्हतं. एकीने तोंडावर हात धरला. मग नेईंनी नर्सला दार उघडायला लावलं आणि अकराही जणींना आत नेलं.

"पाच जणींची साखर वर आहे," नेई म्हणाल्या. "अकरातल्या पाच. एकीलाही माहीत नव्हतं. त्यातली एक माझी सख्खी बहीण आहे."



"ती कुठे आहे आता?" मी विचारलं.

"बाहेर पायरीवर बसलीये. बोलत नाही काही. मी तिला जरा वेळ बसू देते," नेई म्हणाल्या, "आणि मग हाताला धरून उठवते."