झऱ्यावरचा अर्धा दिवस

मित्रांनो, मी वाळवंटातली एक म्हातारी जीप आहे. दूर अरबांच्या मुलखात, वादी रममध्ये, माझा मालक मुत्लग याच्या घरामागे उभी असते. माझा मूळचा रंग पांढरा. पण लाल वाळूने घासून घासून आता तो नेमका कोणता, हे मलाही सांगता येणार नाही.

वीस वर्षं मी पाहुण्यांना वाळवंट दाखवलं. मागे बाकडी, वर कापडाचं छप्पर आणि पुढे मुत्लग. वाळूच्या टेकडीवरून मी सुसाट उतरले की पाहुणे आधी किंचाळायचे, मग हसायचे आणि "पुन्हा एकदा!" म्हणायचे. मला फार अभिमान वाटायचा.

मुत्लगची आई हद्बा मात्र आम्हाला दारातून बघायची. तिचा जन्म याच वाळवंटात, तंबूतला. गावात घर झाल्यापासून ती तिकडे फिरकलीच नव्हती.

"साऱ्या जगाला फिरवतोस आणि मला फक्त दवाखान्यात नेतोस!"

"उद्या नेतो, आई."

"तुझा उद्या लंगड्या उंटावरून येतोय वाटतं."

वसंतातल्या एका सकाळी ठरलेले पाहुणे आलेच नाहीत. हद्बा किटली घेऊन सरळ पुढच्या सीटवर येऊन बसली. लहानपणी ती ज्या झऱ्यावर शेळ्या न्यायची, तिथे तिला जायचं होतं. त्या वाटेने मीही कधी गेले नव्हते.

"डावीकडे. अरे, डावीकडे, गाढवा!"

"आई, गाडी मी चालवतोय."

"गाडी तूच चालव. वाट मला ठाऊक आहे."

कड्याच्या पोटात रानअंजिराचं झाड होतं आणि त्याच्या मुळाशी पाणी ठिबकत होतं. हद्बा वाकून ओंजळीने प्यायली. जवळच तिला तीन काळवंडलेले दगड सापडले.

"ही माझ्या आईची चूल," ती म्हणाली आणि काटक्या पेटवून त्यावर किटली ठेवली. "आज सूर्य बुडेपर्यंत मी इथून हलणार नाही."

पाणी उकळायच्या आतच मुत्लगचा फोन वाजला. पाहुणे उशिरा पोचले होते आणि खोळंबले होते.

"आई, निघायला हवं. पुन्हा येऊ ना."

हद्बाने किटलीतलं पाणी विस्तवावर ओतलं. परतताना ती रिकामी किटली मांडीवर धरून मागे कड्याकडे बघत राहिली. मी तिचं वजन अंगावर घेऊन धावत होते, पण मला मागे वळावंसं वाटत होतं.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात तिचे गुडघे गेले. झऱ्यावर न्यायला मुत्लगने तिला उचलून माझ्यात बसवलं; पण माझ्या एकेका हादऱ्याला ती कळवळली. वेशीवरूनच आम्ही मागे फिरलो. मग तो एकटाच जाऊन झऱ्याचं पाणी भरून घेऊन आला. तिने एक घोट घेतला.

"पाणी तेच आहे रे, बाळा. पण हे प्यायला वाकावं लागत नाही."

पुढे माझं इंजिन थकलं आणि नवी गाडी आली. आता दुपारी हद्बा माझ्या चाकाला पाठ टेकून सावलीत बसते आणि लहानपणच्या त्या शेळ्यांना नावांनी हाका मारते. मुत्लग नव्या गाडीची चावी हातात धरून तसाच ऐकत उभा राहतो.

मित्रांनो, मला फारसं कळत नाही. पण तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस "मला तिथे ने" म्हणालं, तर त्याचे पाय चालताहेत तोवर न्या. आणि पोचलात की घाई करू नका. त्याचं मन भरेपर्यंत त्याला बसू द्या.