हिरव्या फांदीचा मार

फाल्गुनातल्या त्या दुपारी धुराच्या पडद्यामागून आधी ऐकू आला तो हिरव्या फांदीचा आवाज. जमिनीवर सपासप, एका लयीत, न थांबता पडणारा, आणि प्रत्येक माराबरोबर दंडातल्या पांढऱ्या बांगड्यांचा कोरडा खडखडाट. मग धूर फाटला आणि सोमलीयाडी दिसली. पदर कमरेला खोचलेला, भुवया होरपळलेल्या, पळसाची फांदी दोन्ही हातांनी डोक्यावर उचललेली. घरात शिरलेल्या सापाला एखादी बाई मारते, तशी ती ज्वाळेला मारत होती.

याडी म्हणजे आई. दिग्रसकडच्या आमच्या शेताला लागून नाला, नाल्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा आणि तांड्याच्या माथ्यावर दगडगोट्यांचा बरड. तांड्यातली लेकरं तिला सोमलीयाडी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. आणि मी शाळेत शिकवते म्हणून ती मला मास्तरीन म्हणे.

ती मृदू होती असं मी म्हणणार नाही. तिच्या काटकसरीतसुद्धा मार होता. तुरीच्या शेंगा ती अशा बडवी की दाणे अंगणभर उडत. शेण भिंतीवर थापी ते थपडा मारल्यासारखं. भांड्यांचं खरकटं पाणी शेवग्याच्या बुंध्याशी फेकी ते झाडावर राग काढल्यासारखं. पण त्या घरातून पाण्याचा एक थेंब वाया गेलेला कुणी पाहिला नाही, आणि उकिरड्यात गेलेली काडी खत होऊनच बाहेर आली. तांड्यातल्या एका लग्नात प्लॅस्टिकच्या ताटल्या आल्या, तेव्हा तिने ती थप्पी मांडवाबाहेर भिरकावली आणि चार बायांना घेऊन पंगत बसायच्या आत पळसाच्या पत्रावळी लावल्या. नवरदेवाचा बाप संतापला. ती म्हणाली, "जेवाले बसतं का पाया पडू तुह्या?" तो जेवायला बसला.

बरड तिनेच राखला होता. पूर्वी तिथे नुसते धोंडे होते, कुऱ्हाडीने आणि बकऱ्यांनी सोलून काढलेल्या हाडांसारखे उघडे. तिथे कुऱ्हाड न्यायची नाही, जनावर सोडायचं नाही, गवत पिकलं की विळ्याने कापून घरोघर सारखं वाटायचं, एवढाच तिचा नियम. तो तांड्याला पटवताना ती रक्ताच्या भावाशी भांडली. त्याची कुऱ्हाड तिने विहिरीत टाकली. पण पाचसात पावसाळ्यांत त्या धोंड्यांतून कमरेएवढं गवत उठलं, धावड्याची, मोहाची रोपं डोकं वर काढू लागली, आणि तांड्याच्या विहिरीला माघातही पाणी दिसू लागलं.

आणि तो बरड माझ्या बाबांनी जाळला.

बाबा वाईट नव्हते. कापसाची वेचणी संपली की उपटलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, ढीग घालून पेटवून द्यायची, ही सगळ्या शिवाराची रीत होती. त्याने बोंडअळी मरते आणि वावर एका दिवसात मोकळं होतं. सोमलीयाडी दोनदा बांधावर येऊन सांगून गेली होती.

"भाऊ, पऱ्हाटी जाळू नोका. वारा कोनाच्या बापाचा नाई."

बाबा हसले होते. म्हणाले होते, "अवं, वारा पाहूनच लावतो ना मी."

त्या दिवशी वारा पडलेला होता. बाबांनी पाच ढीग पेटवले. सहाव्याला काडी लावली आणि वावराच्या मधोमध एक वावटळ उठली, तिने पेटत्या काटक्या उचलल्या आणि कोरड्या नाल्यावरून पलीकडे नेऊन टाकल्या. वाळलेलं गवत पेटलं ते कापड टरकावल्यासारखा आवाज करीत. मी बांधावर उभी होते. तित्तिरांच्या जोड्या ज्वाळांतून दगडासारख्या वर फेकल्या जात होत्या. पाठ पेटलेला एक ससा गवतातून धावत सुटला. तो धावत गेला तिथे तिथे आग लागत गेली, आणि मग तो एका करवंदीच्या जाळीत शिरला आणि ती जाळीही पेटली. मी आजवर पाहिलेल्या हिंसेत ते दृश्य सर्वांत वर आहे.

सगळा तांडा धावला. आम्हीही धावलो. बाबा तर सर्वांच्या पुढे होते. चपला जळाल्या तरी ते पायांनी निखारे तुडवीत होते. सूर्य कलायला आला तेव्हा आग विझली, कारण जळायला काही उरलं नव्हतं. काळ्या उतारावर माणसं खोकत, ओकत बसली होती.

बाबा सोमलीयाडीच्या समोर जाऊन उभे राहिले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. ते म्हणाले, "याडी, माहं..."

तिने फांदी उचलली आणि त्यांना मारलं.

पहिला वार खांद्यावर बसला. दुसरा पाठीवर. "जाळ! अजून जाळ! मले बी जाळ!" प्रत्येक शब्दाला एक वार. पानं केव्हाच जळून गेली होती, हातात उरलं होतं ते मनगटाएवढं लाकूड. बाबांनी डोकं वाचवायला उजवा हात वर केला आणि त्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज मला दहा पावलांवरून ऐकू आला. मग तिच्या दोन सुनांनी तिला मिठी मारून मागे ओढलं. बाबांनी एकदाही "नको" म्हटलं नाही.

त्या संध्याकाळी आमच्या अंगणात गावातले पुरुष जमले. काठ्या होत्या, फावडी होती. तांड्याच्या बाईने गावच्या माणसावर हात उचलला, हे त्यांना सोसत नव्हतं. बाबा हाताला फळी बांधून दिग्रसच्या दवाखान्यातून नुकतेच परतले होते. ते ओट्यावर बसूनच बोलले.

"आग म्या लावली. तिनं इझवली. मधात माहा हात आला, एवढंच झालं. घरी जा."

बरेच गेले. चौघे गेले नाहीत. अंधार पडता पडता त्यांनी नाल्याच्या काठावरून तांड्यावर दगड मारले, आणि त्यातला एक सोमलीयाडीच्या डाव्या भुवईवर बसला. होरपळलेली भुवई उभी फाटली. तो डोळा पुढे कायमचा अधू राहिला. ते चौघे कोण, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी कधी माफी मागितली नाही.

सकाळी बाबा तांड्यावर निघाले. आईने अडवलं तरी निघाले, म्हणून मी सोबत गेले. कपाळाला रक्ताळलेलं फडकं बांधून ती दारात बसली होती. बाबांना पाहून ती उठली नाही.

"दाखव हात," ती म्हणाली.

बाबांनी हात पुढे केला. तिने तो आपल्या मांडीवर ठेवून घेतला आणि फळीवरून बोटं फिरवली. मग म्हणाली, "मारलं, त्याचं मले वाईट नाई वाटत. हाड मोडाचं नोतं पन."

"तुह्या डोळ्याचं..."

"तो दगड तुहा नाई."

कोळशासारख्या उतारावरून राख उडत येऊन तिघांच्याही अंगावर बसत होती. शेवटी बाबांनी विचारलं, "जाळू नाई तं करू काय? अळी राह्यते ना पऱ्हाटीत."

"कुटाची," ती म्हणाली. "खड्ड्यात घालाची, शेन-पानी देयाचं, मातीनं दाबाची. अळी बी सडते अन् पऱ्हाटी बी."

पुढल्या माघात ती न बोलावता आमच्या वावरात आली, कोयता आणि लाकडाचा ठोकळा घेऊन. बाबांची मूठ नीट वळत नव्हती. ते डाव्या हाताने काड्या पुढे सरकवीत, आणि ती एका डोळ्याने नेम धरून त्यांचे तुकडे पाडी. कोयता बाबांच्या बोटांपासून चार अंगुळांवर आदळे. बाबा हात मागे घेत नसत. त्या खड्ड्यातलं काळं, भुसभुशीत खत जेव्हा वावरात पडलं, तेव्हा शिवारातली माणसं ते मुठीत घेऊन पाहून गेली. आता पऱ्हाटी कुटायचं यंत्र भाड्याने मिळतं आणि पुष्कळ शेतं जळत नाहीत. काही जळतातही. त्या चौघांपैकी एकाचं दरवर्षी जळतं.

बरडावर गवत दोन पावसाळ्यांत परतलं. धावड्याची रोपं परतली नाहीत. ती पुन्हा लावावी लागली. आगीनंतर तांड्याने दर उन्हाळ्यात राखणीच्या पाळ्या लावल्या, घरटी एक वार. बुधवार सोमलीयाडीचा. वरच्या सपाट धोंड्यावर ती दिवसभर उन्हात बसे, चांगला डोळा आमच्या शिवाराकडे लावून.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. ताप आला, आणि तिसऱ्या दिवशी संपलं. तिच्या तिरडीला बाबांनी डावा खांदा दिला. तांड्यातल्या कुणी अडवलं नाही. उन्हाळ्यात पाळ्या पुन्हा लागल्या तेव्हा तिच्या सुना बुधवारची सोय पाहू लागल्या, आणि बाबा म्हणाले, "बुधवार मले द्या."

आता बुधवारी ते पाण्याची बाटली घेऊन चढतात, वाकड्या हाताने गवत बाजूला सारत, दोनदा थांबत. मी खालून पाहत राहते. गेलेलं माणूस किती दूर गेलं, हे मला त्या चढावर त्यांना लागणाऱ्या धापेवरून कळतं. काळ पुढे सरतो म्हणतात तो बहुधा असाच, बुधवारामागून बुधवार, एका रिकाम्या धोंड्यापर्यंत चढत जातो आणि तिथे बसून राहतो.