दंडातलं लोखंड

"चिकटलं! चिकटलं!" अख्खा हॉल ओरडला.

सलूनवाल्याच्या उजव्या दंडाला बाबांनी जाड कापडी पट्टी गुंडाळली होती आणि त्या पट्टीवर मुठीएवढं लोहचुंबक पालीसारखं चिकटून बसलं होतं. मागचे लोक खुर्च्यांवर चढले.

"बघा लेकरांनो!" चुंबकबाबा गरजले. "डॉक्टरांनी या बिचाऱ्याच्या दंडात लोखंड ठोकलंय. लोखंड रक्त पितं, म्हणून याचं मनगट लुळं! आता मी ते वितळवून घामावाटे बाहेर काढणार!"

लोखंड वितळायला केवढी आच लागते आणि त्या आचेत सलूनवाल्याचं काय उरेल, हे विचारावंसं एकालाही वाटलं नाही. डोकी बाहेर चपलांपाशीच ठेवून मंडळी आत आली होती.

सलूनवाल्याची बायको पहिल्या रांगेत ओठ आवळून बसली होती. दिराने दोघांना इथे ओढून आणलं होतं. जिन्यावरून पडून नवऱ्याचा दंड मोडला आणि त्याच दणक्यात मनगट उचलणारी नस दुखावली. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन करून प्लेट आणि स्क्रू बसवले. "नस सावकाश जागी होईल, व्यायाम सोडू नका. हाड जुळेपर्यंत ओझं मात्र उचलायचं नाही," असं त्यांनी बजावलं होतं. पण मनगट लोंबतच राहिलं. कात्री धरता येईना, गिऱ्हाईकं समोरच्या दुकानात वळली आणि नवऱ्याचा धीर सुटला.

बाबा पुटपुटले. दंडावर फुंकर मारून त्यांनी पट्टी सोडली, शिष्याकडे फेकली आणि चुंबक उघड्या दंडाला लावलं. ते टणकन खाली पडलं.

"गेलं लोखंड! आता एक्सरे काढायचा नाही हं, त्या किरणांनी ते परत गोठतं. उचल त्याच हाताने ती कॅन, बेटा!"

पाण्याची भरलेली कॅन पुढे आली. सलूनवाला डोळे पुसत वाकला.

तेवढ्यात बायकोच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुकानाच्या भिंतीवर कात्र्या लावायची चुंबकाची लांब पट्टी होती. नवरा रोज तिलाच दंड टेकवून मनगटाचा व्यायाम करायचा. तिथे कात्र्या चिकटायच्या, वस्तरा चिकटायचा, पण नवरा कधीच चिकटला नव्हता.

"अहो, त्या कॅनला हात लावाल तर याद राखा!" ती उठली.

"वहिनी, खाली बसा. बाबांचा कोप होईल," दीर कळवळला.

"होऊ दे! बाबा, आमच्या दुकानातल्या चुंबकाला हे कधी चिकटले नाहीत. मग आज कसे चिकटले?"

"अविश्वासू बाई! तुझं चुंबक मानवी, माझं दैवी!"

"मग तुमच्या दैवी चुंबकाला ती दंडावरची पट्टी परत दाखवू."

शिष्याने पट्टी पाठीमागे लपवली. तिने ती हिसकावली आणि पडलेल्या चुंबकाजवळ नेली. खट्! तिने दातांनी शिवण उसवली, तसा आतून पत्र्याचा तुकडा निघाला. बाबांना अचानक ध्यानाची वेळ आठवली. ते मागच्या दाराने गेले.

बायकोने बाबांचं चुंबक उचललं आणि नवऱ्याला थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी नवा एक्सरे काढून जुन्याशेजारी लावला आणि दोन्हींतल्या हाडाचा कोन मोजला. "प्लेट जागेवर, हाड तसूभरही सरकलेलं नाही. ही फट आधी काळी होती, आता धुरकट दिसते. ते नवं हाड आहे, पण अजून कच्चं. कॅन उचलली असती तर प्लेट वाकली असती, कदाचित परत ऑपरेशन करावं लागलं असतं."

"आणि चुंबक?" दिराने चाचरत विचारलं.

बाईंनी खणातली कोरी प्लेट काढून बाबांच्या त्या चुंबकाला लावली. ती घसरून पडली. "आपण हिला लोखंड म्हणतो एवढंच. हा धातू चुंबकाला चिकटतच नाही. पहिल्या दिवशीसुद्धा चिकटला नसता."

दिराने मान खाली घातली. सलूनवाला मोडक्या हाताकडे बघत राहिला. किती थोडक्यात निभावलं, हे त्याला आत्ता कळलं.

काही महिन्यांनी नस जागी झाली, मनगट उठलं, कात्री पुन्हा चालू लागली. एक जुनं गिऱ्हाईक खुर्चीत ऐसपैस बसून म्हणालं, "काही म्हणा वहिनी, बाबांची फुंकर उशिरा का होईना, लागू पडली."

बायको कडाडली. "उठा खुर्चीतून! केसही फुंकरीनेच कापून घ्या! रोज घाम गाळून व्यायाम केला यांनी, हाड जोडलं डॉक्टरीणबाईंनी, आणि आशीर्वाद त्या भामट्याचा? पुन्हा कुठे चमत्कार दिसला ना, तर हात जोडायच्या आधी ती पट्टी बघायला मागा. नाही दिली, तर काय ते समजा."