शेंगदाण्याचे फोलपटं

जऊळक्याच्या बाईचं समुद्रावर काय काम, असं मी दहा वेळा म्हटलं. पण आमच्या पोरीची, धम्मदीपाची परीक्षा होती, शिडाची बोट चालवाची. घरचे दोघं संग बसले तरी चालते, असं तिची परीक्षा घेणाऱ्या सतीश सरनं सांगतलं. मंग काय, दीपाचे बाबा माह्या आधी थैली भरून तयार.

परीक्षेची अट आयकाले सोपी. सकाळी निघाचं, इंजिन न लावता खाडीतल्या बंदरात पोचाचं. इंजिन लावलं का नापास. चार वाजता ओहोटीनं खाडीतलं पाणी उतरते, त्याच्या आत नाही पोचली तरी नापास. अन् नापास झाली का बोटीवरची नोकरी हातची गेली. दोन वर्षं झटली होती पोट्टी त्या नोकरीसाठी.

अकरा वाजता वारा पडला. उरल्यासुरल्या वाऱ्यावर दीपानं एका बेटाच्या आडोशाले बोट नेली, नांगर टाकला, अन् लहान होडीतून आमाले अन् सरले काठावर उतरवलं.

काय ते बेट, बाई! दहा-बारा घरं, नारळाची सावली, अन् कोणालेच कशाची घाई नाही. दुकानवाला झाडाले बांधलेल्या झोळीत निजला होता. डोळे न उघडताच म्हणाला, लागन ते घ्या. चहा मागतला त म्हातारीनं मलेच चुलीपाशी बसवलं, साखरेचा डबा दाखवला, अन् सोता जाळं शिवत बसली. मालेगावच्या हाटेलात असं झालं असतं त मी भांडली असती. इथं मात्र मी गुमान चहा केला, तिलेही पाजला. असं निवांत राहाले येते हेच मले नवल वाटलं.

राग आला तो पोरीचा. मी घरून भाजलेल्या शेंगा आणल्या होत्या. ही बेटाच्या टोकावर जाऊन बसली, शेंगा सोलल्या, दाणे तळहातावर चोळले, हात वर केला अन् लाल फोलपटं खाली सोडले. मंग पुन्हा तेच. सर घड्याळ पाहून राह्यले, अन् हिचा आपला खेळ चालू.

"परीक्षा आहे का जत्रा? शेंगा कायले खाऊन राह्यली?" मी म्हटलं.

"माय, अजून मूठभर दे," एवढंच बोलली ती.

दोन वाजले. सर समजावून सांगू लागले का आता इंजिन लाव, पुढच्या वर्षी पुन्हा बस, त्यात लाज नाही. दीपाच्या बाबानं मान खाली घातली. दीपानं पुन्हा एक मूठ वर नेऊन सोडली. या खेपेले फोलपटं पायापाशी पडले नाहीत, हातभर बाजूले गेले.

ती उठून "चला" म्हणाली. सरनं बोटीवरच्या झेंड्याकडं बोट दाखवलं, तो तर हालत नव्हता. दीपानं सांगतलं का झेंडा झाडांच्या आडोशाले आहे, टोकापलीकडं वारा आला.

होडीतून आमी बोटीवर आलो, दीपानं नांगर उचलला अन् लांब वल्ह्यानं बोट टोकापर्यंत रेटली, वल्ह्याले मनाई नव्हती. टोक ओलांडलं अन् शीड फट्‌कन भरलं. बोट कलली तशी मी दीपाच्या बाबाचा दंड घट्ट धरला. दीपा सुकाणूपाशी उभी, नजर समोर. ही माहीच पोरगी का, असं वाटलं मले. किती हिमतीची दिसत होती!

चारले दहा कमी असताना आमी बंदरात होतो. सरनं कागदावर सही केली, अन् इचारलं का हे फोलपटाचं कोणत्या क्लासात शिकली.

"क्लास नाही सर. आमच्या खळ्यावर. माय बाजेवर उभी राहून वाऱ्यावर हरभरा उडवे. टोपलं उचलाच्या आधी मूठभर कुटार, म्हणजे भुसा, सोडून वारा पाहे. मी खाली बसून तेच पाहत राहो."

सर माह्याकडं वळले. मी त दरसाल तिले खळ्यावरून हाकलली होती. जाय, पुस्तक घे, कुटारात काय ठेवलं आहे, असं म्हणून म्हणून.

मी दीपाले म्हटलं, "औंदा हरभऱ्याले घरी ये. बाजेवर तू उभी राह्य. मी खाली बसून पाहीन."