बैल मागं सरकताना

केजच्या अलीकडं दोन कोसांवर उत्तरेश्वर पाटलांची विहीर होती. काठाला काळ्या दगडाची फरशी आणि तिथून खाली गेलेली मोटेची धाव, म्हणजे बैलांनी चालून चालून घासलेली उतरती वाट. त्या धावेवर आसारामची वीस वर्षं गेली होती. बैल उतारानं खाली चालले की कातड्याची मोट भरून वर यायची आणि काठावरच्या थारोळ्यात, म्हणजे छोट्या दगडी हौदात, पाणी ओतायची. मग बैलांना पाठमोरं चढावर सरकवत आणायचं, की मोट पुन्हा विहिरीत उतरायची. खाली जाताना हाकणारा नाड्यावर, म्हणजे मोटेच्या जाड दोरावर, बसायचा. मागं येताना मात्र त्यानं जागं राहायचं. बैलांना आपल्या पाठीमागचं दिसत नाही. त्यांना कुठं थांबवायचं ते हाकणाऱ्यानंच बघायचं. हातभर चूक झाली तर बैल विहिरीत.

वीस वर्षं ती चूक झाली नव्हती. कारण वीस वर्षं पाटाच्या दुसऱ्या टोकाला त्याची बायको मंजुळा होती. आसाराम मोट हाकायचा, ती कांद्याच्या वाफ्यांत दारं धरायची. एक वाफा पाण्यानं भरला की दुसऱ्याचं तोंड फोडायची आणि तिकडून हाक द्यायची, "भरलं वोऽऽ!" आसाराम म्हणायचा, "फोड फुडला!" तसं काही म्हणायची गरज नव्हती. साऱ्या मुलखात दारं धरणाऱ्या बाया न बोलता वाफे फोडत होत्या. पण या दोघांची ती रीतच पडली होती. भरली मोट वर येताना विहिरीवरचं नाड्याचं चाक कुरकुरतं, काही ऐकू येत नाही. बैल मागं सरकताना चाक गप्प होतं. म्हणून तिची हाक नेमकी तेव्हाच यायची.

मानमोडीच्या साथीत गावातली चाळीस माणसं गेली, त्यांत मंजुळा गेली. पोरबाळ नव्हतं. ती जाऊन आता दीड वर्ष झालं होतं. दारं धरायला आता साखराबाई येत होती. बाई कामाची होती, पण आसारामशी बोलायला बिचकायची. हाक बंद झाली होती. पण बैल मागं सरकायला लागले, चाक गप्प झालं, की आसारामचे कान अजून वाफ्यांकडं जायचे. कान गेले की मन जायचं. आणि पौषातल्या एका सकाळी मन तिकडं असतानाच उजवीकडच्या चांद्याचा मागला खूर फरशीवरून घसरला.

जोडीच्या हौशानं मान ताठ धरली म्हणून जू तुटलं नाही. आसारामनं वेसण ओढून कसंबसं बैलांना पुढं घेतलं. पाटील बांधावरूनच ओरडत आले.

"आसाराम! डोळे हायेत का बटनं लावलीत बे?"

"चुकलं, मालक."

"मागल्या म्हैन्यात बी चुकलंच म्हनला व्हतास. तुजं दुख मला कळतंय. पन बैलाला काय सांगू? तुजा हाकनारा इचारात हाय, तू तेवढा इहिरीत पडू नको?"

आसाराम खाली मान घालून चांद्याचा पाय चोळत राहिला. पाटील माणूस वाईट नव्हता. त्यानं ओलं शेण मागवलं आणि विहिरीच्या काठापासून हातभर अलीकडं फरशीवर आडवा पट्टा ओढायला लावला.

"ह्यो पट्टा रोज सकाळी ताजा वढायचा. पाडव्याला साल संपतंय. तवर खुराचा ठसा उठला, तर मोट सोडायची अन् गोठ्यातलं शेन काढायचं. जोडी बद्रीनाथाच्या हाताखाली दीन."

आसारामला शेण काढण्याचं वाईट वाटणार नव्हतं. पण चांद्या नि हौशा वासरं असताना मंजुळेनं त्यांना ताक पाजून वाढवलं होतं. तिच्या हाताचा वास ओळखणारे जगात आता तीनच जीव उरले होते, त्यांतले दोन या जुवाखाली होते. आणि पाटलांच्या दुसऱ्या गड्याचा, बद्रीनाथाचा, आसूड साऱ्या गावाला माहीत होता.

त्या दिवसापासून त्याच्या छातीवर दगडच बसला. पट्ट्याच्या धास्तीनं पट्टा जास्तच दिसायचा आणि मन त्याहून जास्त पळायचं. घास गिळला जाईना. कोणी सांगितलं म्हणून त्यानं दर्ग्याच्या मुजावराकडून ताईत आणला. कोणी सांगितलं म्हणून उशाला लिंबू ठेवलं. लिंबू वाळलं.

माघात मोटेची शिवण उसवली. ती शिवायला सिदू आला. सिदू म्हणजे गावचा मोटा शिवणारा, साठीचा, एका डोळ्यानं अधू. त्यानं शिवलेल्या मोटेनं साऱ्या गावाचं पाणी वर यायचं, पण त्याला त्या विहिरीची पायरी उतरायची मुभा नव्हती. तेव्हाची रीतच तशी होती. आसाराम त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचा नि दोघंही कुठंतरी दुसरीकडं बघायचे.

सिदू बाभळीखाली बसून शिवत होता. आरी टोचायचा, कातड्याची वादी ओवायचा, ओढायचा. आसाराम समोर बसला होता. बराच वेळ बघून म्हणाला, "सिदू, तुला तर नीट दिसत बी न्हाई. हात कसा चुकत न्हाई रं?"

"चुकतो की. हे बगा." त्यानं अंगठा दाखवला. टोचून टोचून त्याची चाळणी झाली होती. "पोरगा गेला त्या साली टोचलेत समदे. हात हितं, ख्याल तितं."

"मग?"

"मग काय? रगात निघालं की मानूस हितं येतोच." सिदू हसला. "पर रोज कितीक रगात काडावं? मग म्हनलं, टाका घालताना टाक्यातच बसावं. आरी गेली, कळली. वादी आली, कळली. झाला टाका. फुडचा टाका अजून जल्मलाच न्हाई. त्याची फिकीर कावून?"

"अन् मन पळालं तर?"

"पळनारच. आसारामदादा, तुमचा बैल बांध वलांडून जवारीत घुसला तर काय करता? मारून टाकता व्हय?"

"वळवून आनतो."

"परत घुसला तर?"

"परत वळवतो."

"मग मनानं काय लई मोटा गुन्हा केलाय? तुमी तर त्याला आसूडच मारताय दीड साल." त्यानं दातानं वादी तोडली. "वळवून आनायचं. शिव्या न देता. नाड्यावर बसलात तर नाड्यावरच बसा. घ्या, झाली तुमची मोट."

आसारामला हे फार मोठं काही वाटलं नाही. पण ताईत झाला, लिंबू झालं, आता हेही बघू, म्हणून दुसऱ्या दिवशी तो नाड्यावर बसला. नाडा खालून ताठ झाला, मांडीला रुतला. कळलं. चाक कुरकुरलं. कळलं. थारोळ्यात पाणी धबकन पडलं, पायावर दोन थेंब आले, गार होते. बैल मागं सरकायला लागले, चाक गप्प झालं, आणि मन उठून थेट वाफ्यांत गेलं. तिथं निळ्या लुगड्यात मंजुळा वाकलेली होती. आसारामनं तिला पाहिलं आणि मनाला बैलासारखं शीळ घालून वळवलं. हौशाचा खूर. चांद्याचा खूर. पट्टा. "हो."

बैल थांबले.

पुढच्या मोटेला मन पुन्हा गेलं. पुन्हा वळवलं. दुपारपर्यंत कितीदा गेलं नि कितीदा आलं याला गणती नव्हती. त्याला एकच नवल वाटलं. वळवताना तो स्वतःवर चिडला नव्हता, आणि चिडला नव्हता म्हणून छातीवरचा दगड जरा बाजूला सरकला होता. दगड गेला नाही. घरी अंधार तसाच होता, एकाच माणसाची भाकरी तशीच होती. पण त्या दिवशी भाकरी खरपूस लागली, एवढं त्याला कळलं. बऱ्याच दिवसांनी.

फाल्गुन असाच सरत आला. पट्ट्यावर ठसा उठला नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ऊन चढलं होतं. शेवटचे चार वाफे राहिले होते. मोट रिकामी झाली, बैल मागं सरकायला लागले, चाक गप्प झालं. आणि वाफ्यांकडून हाक आली,

"भरलं वोऽऽ!"

आसारामचं मन असं धावलं की वळवायला शीळही सुचली नाही. दीड वर्ष तो ज्या हाकेची वाट बघत होता तीच ही. बैल सरकतच होते. हातातला कासरा त्याला मध्येच कळला, घामानं ओला, खरखरीत. त्याच कासऱ्याला धरून तो परत आला. हौशाचा खूर. चांद्याचा खूर. पट्टा बोटभर मागं.

"हो!"

बैल थांबले. चांद्या फुरफुरला. आसारामनं त्याच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला आणि मग, सगळं जागच्या जागी आहे असं बघून, त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

साखराबाई चिखलाच्या पायांनी पाट ओलांडून आली.

"भाऊ, ऐकू न्हाई आलं का? भरलं म्हनलं!"

"आलं."

"मग बोलत कावून न्हाईत?" तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिचा सूर उतरला. "मंजुळावैनी अशीच हाक द्यायची. तुमी लई गपगप असता, म्हनून म्हनलं... चुकलं का माजं?"

"न्हाई बाई. बैल थांबवत व्हतो." त्यानं कासरा हाताला गुंडाळला. "पन आता नको देऊस हाक. ती तिची व्हती."

साखराबाईनं मान हलवली आणि वाफ्यांकडं परत गेली. जाता जाता एकदा मागं वळून तिनं बैलांकडं पाहिलं, त्याच्याकडं नाही.

पाडव्याला पाटलांनी फरशी बघितली. पट्टा कोरा होता. त्यांनी आसारामच्या हातात नवा पटका दिला. "जोडी तुजीच. आता रोज पट्टा वढायची गरज न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी आसाराम गोठ्यातून ओंजळभर शेण घेऊन आला आणि त्यानं पट्टा ओढला. नीट, फरशीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. हात धुतले, बैल जुंपले, नाड्यावर बसला. मोट वर आली, ओतली. बैल मागं सरकायला लागले, चाक गप्प झालं. वाफ्यांकडून काही आलं नाही. काही आलं नाही, हेही त्यानं नीट ऐकलं.

"हो," तो म्हणाला.

बैल थांबले.