खिडकीतला शिदू

आमच्या ह्यांचं एक होतं, समोर माणूस बसल्याशिवाय चित्रात तोंड काढता यायचं नाही. कुसगावात बसून हे मुंबईच्या एका साप्ताहिकासाठी चित्रांची रहस्यकथा काढायचे. त्यातला गुप्तहेर म्हणजे गावातला सोपान न्हावी. श्रीमंत विधवा मी. जित्या नवऱ्याने मला विधवा केलं, पण निदान हिऱ्याच्या कुड्या तरी घातल्या!

आणि खिडकीतून डोकावणारा खुनी होता शिदू. डोंगरावरच्या वाडीतला, लोणावळ्यात मोळी विकणारा. बसवाल तसा बसायचा, पापणी हलवायचा नाही. आपलं छापील चित्र त्याने कौतुकाने झोपडीच्या कुडाला चिकटवलं होतं.

त्रेसष्ट साली लोणावळ्यातल्या एका बंगल्यात चोरी झाली. मालकीण म्हणाली, "चोराला मी खिडकीत पाहिलंय." दोन दिवसांनी बाजारात शिदू दिसला आणि तिने बोट दाखवलं. झालं, शिदूला धरून नेलं. त्या बंगल्यावर आमचं साप्ताहिक जातं, हे पेपरवाल्याने आम्हांला नंतर सांगितलं.

ह्यांनी सगळे अंक काखेत मारले आणि चौकी गाठली.

"साहेब, खिडकीतलं ते तोंड मी काढलंय. बाईंनी ते अंकात पाहिलंय."

फौजदार अंक चाळत म्हणाले, "गावात एवढी माणसं असताना खुनी म्हणून तुम्हांला हाच बरा सुचला?"

हे अंक उचलून परत फिरले. घरी येऊन जेवले नाहीत. मला फौजदाराचा राग आला, आणि खरं सांगायचं तर ह्यांचाही आला.

कथेचा शेवटचा भाग काढायचा राहिला होता. ह्यांनी माझा आरसा समोर ठेवला. चित्रात शिदू निर्दोष सुटला आणि खरा खुनी निघाले हे स्वतः, आमच्याच घरची बंडी घालून, हातात सुरा घेऊन.

अंक आला. बाजारात जो तो हसायला लागला, "काय कोंडाजीराव, खुनी तुमीच व्हय!" चिक्कीवाल्याने तर पुडीचे पैसेही घेतले नाहीत. अंक घेऊन हे पुन्हा चौकीवर गेले. फौजदार पोट धरून हसले, चहा मागवला आणि अंकावर ह्यांची सही घेतली. मागे गजाआड शिदू बसला होता, पापणी न हलवता. दुसऱ्या दिवशी त्याला पुण्याच्या तुरुंगात नेलं.

संध्याकाळी त्याची बायको बायडाबाई आमच्या दारात आली. हातात तोच अंक. तिला वाचता येत नव्हतं, पण चित्रं कळत होती.

"भाऊ, ह्यात खुनी तुमीच हायसा न्हवं?"

"व्हय."

"मंग तुमाला कुनीच कसं धरलं न्हाई?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तरी काय सांगणार, कपाळ! ती उत्तराची वाट बघत उंबऱ्याशी बसून राहिली.