चाळीस मीटरवरचं जहाज

मास्तरांचा जावई तसा लाखात एक होता. हसरा, दिलदार, कुणाच्याही हाकेला धावणारा. फक्त 'नाही' हा शब्द त्याच्या कानात शिरत नसे. त्याला पाण्याचं वेड लागलं तेही सासऱ्यांमुळेच. मास्तर धक्क्याजवळच्या आपल्या दुकानातून हौशी लोकांना पाठीला सिलिंडर बांधून समुद्रात उतरायला शिकवत. जावयाने पहिला कोर्स त्यांच्याच हाताखाली केला होता. त्या शिक्षणावर अठरा मीटर खोलीपर्यंत जायची मुभा होती. त्याचा जीव मात्र अडकला होता एका बुडालेल्या मालवाहू जहाजात, आणि ते पडलं होतं चाळीस मीटरवर.

"बाबा, अठरा काय नि चाळीस काय, पाणी तेच ना?" ओला सूट दोरीवर टाकत तो एकदा म्हणाला.

"पाणी तेच, पण माणूस तोच राहत नाही," मास्तर म्हणाले. "तिथे सिलिंडर बघता बघता संपतो. डोक्याला नशा चढते, आणि चढलीय हेच कळत नाही. दारुड्याला विचारा, तोही म्हणतो मी शुद्धीत आहे. आधी खोल पाण्याचा कोर्स करा, मग मी स्वतः नेतो."

"घरचा मास्तर, आणि मलाच परीक्षा?"

"घरचे आहात म्हणूनच."

लेक हिशेबाला बसली होती. तिने मान वर केली. "न्या की एकदा, बाबा. तुम्ही बरोबर असताना त्याला काय होणार आहे?"

मास्तर बधले नाहीत. नियम म्हणजे नियम, मग तो जावई असो की आणखी कुणी. जावयाने तोंड पाडलं, मग हसून म्हणाला, "बरं बुवा, सासरेबुवांचा हुकूम!" मास्तरांना वाटलं, विषय संपला.

पुढच्याच रविवारी तो धक्क्याच्या दुसऱ्या टोकाच्या बोटीवर चढला. तिथे कुणी फारसं विचारत नसे. किती अनुभव आहे म्हणाले, त्याने होता त्याच्या दुप्पट सांगितला, काम झालं.

खाली काय घडलं ते मास्तरांना नंतर बोटीवरच्या लोकांकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. जहाज दिसताच तो हरखून गेला. सोबत्याने हवेचा काटा बघायची खूण केली, तर हा माशांना हात हलवत राहिला. मग एकाएकी श्वास ओढायला जड जाऊ लागला तेव्हा भानावर आला आणि घाबरला. सोबती हाताच्या अंतरावर होता, त्याच्याकडे श्वास घ्यायची जादा नळी होती. पण ते आठवायला सराव लागतो. तो बाटलीतल्या बुचासारखा सरळ वर सुटला. इतक्या खोलातून असं एकदम वर आलं की रक्तात हवेचे बुडबुडे होतात आणि ते मज्जारज्जूला इजा करतात.

बोटीवर आल्यावर तो हसत होता म्हणे. चहा प्यायला. मग म्हणाला, "पाय झोपलेत माझे." धक्क्याला बोट लागेपर्यंत त्याला उभं राहता येईना. मास्तर ऑक्सिजनची टाकी घेऊन धावले. हे बुडबुडे जिरवायला हवेचा दाब वाढवून उपचार करतात ती खोली लांबच्या शहरात. तिथे पोचेपर्यंत उशीर व्हायचा तो झालाच होता. डॉक्टरांनी हातचं काही राखलं नाही. पण कमरेखालचं शरीर परत आलं नाही ते नाहीच.

त्याला घरी आणल्यावर लेक त्याच्या पँटींची बाजूची शिवण उसवत बसली होती, झोपल्या झोपल्या घालता याव्यात म्हणून. मास्तर समोर बसले होते. हातातलं काम न थांबवता ती म्हणाली, "तुम्ही नेलं असतंत, तर तो चालत घरी आला असता."

मास्तरांपाशी उत्तरं होती, सगळीच्या सगळी बरोबर. पण तिने म्हणायच्या आधीपासून ते स्वतःला हेच म्हणत होते.

घरात भिंती खायला उठतात म्हणून जावई दुकानात येऊन बसू लागला. मास्तरांनी काउंटरमागे त्याच्या खुर्चीला जागा करून दिली. मनात एक वेडी आशाही होती: याला पाहून तरी चार जण शहाणे होतील.

एके सकाळी दोन मित्र आले. त्यांनाही तेच जहाज बघायचं होतं. एकाने विचारलं, "सर, तो खोल पाण्याचा कोर्स खरंच लागतो का? की फी उकळायचा धंदा?"

मास्तरांनी हळूच जावयाकडे बोट केलं. "यांनाच विचारा."

जावई खुर्चीत सावरून बसला. "काही लागत नाही हो," तो म्हणाला. "नशिबाचा खेळ असतो. त्या दिवशी बोटीवर इतके जण होते, सगळे धडधाकट वर आले. माझीच वेळ वाईट. पण काय जहाज आहे! अख्खं उभंच्या उभं! एकदा बघाच." कित्येक महिन्यांत त्याचा चेहरा असा उजळला नव्हता.

मास्तरांनी तोंड उघडलं. त्याला खोडायचं म्हणजे त्याच्या तोंडावर सांगायचं, की तुमचे पाय तुम्हीच घालवलेत. "मी कोर्सशिवाय नेणार नाही," एवढंच ते म्हणाले. मित्रांनी एकमेकांकडे पाहिलं, आभार मानले आणि धक्क्याच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागले.

मास्तर मागच्या खोलीत जाऊन त्या बोटवाल्याला फोन लावू लागले. लेक तिथे कमरेला बांधायचे वजनाचे पट्टे लावून ठेवत होती.

"कशाला, बाबा?" ती म्हणाली.

त्या दोघांना नेऊ नका, असं मास्तरांनी सांगताच बोटवाला म्हणाला, "मास्तर, तुमचं दुःख कळतं मला. पण ते माझ्या धंद्यात आणू नका." फोन बंद झाला.

"त्याला खरं सांगायला हवं," मास्तर म्हणाले.

"नका सांगू. नशीब म्हणतो म्हणून तर सकाळी डोळे उघडतो तो." तिने उरलेले पट्टे खुंटीला अडकवले. "तेवढं तरी राहू द्या त्याला."

मास्तर बाहेर आले. जावई खिडकीतून बोटीवर चढणाऱ्या त्या दोघांकडे बघत होता.

"बाबा, आज खाली पाणी स्वच्छ असेल, नाही?"

"असेल," मास्तर म्हणाले, आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत त्याच्या खुर्चीमागे उभे राहिले.